एलसीडी पडद्याची फट: स्पेक्ट्रोग्राफ बांधणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एलसीडीची फट म्हणजे नेमकं काय?

स्पेक्ट्रोग्राफच्या (प्रकाश रंगांत फोडून त्याचा वर्णपट टिपणाऱ्या उपकरणाच्या) तोंडाशी, म्हणजे दुर्बीण जिथे प्रतिमा पाडते त्या प्रतलात, एरवी धातूच्या दोन धारदार पात्यांमधली फट असते. तिच्या जागी बॅकलाइट काढलेलं पारदर्शक एलसीडी (द्रवस्फटिक) पॅनेल बसवायचं, सगळे पिक्सेल काळे करायचे आणि हवी तेवढीच रांग उघडायची. ती उघडी रांग म्हणजे फट. रुंदी बदलायची असेल तर शेजारची रांग उघडा, तारा वर सरकला असेल तर रांगच वर घ्या, दोन तारे एकदम हवे असतील तर दोन तुकडे उघडा. यात स्क्रू, स्प्रिंग, मोटर असं हलणारं काहीच नाही.

फट किती रुंद लागते?

वर्णपटात दिसणारी प्रत्येक रेषा ही फटीचीच प्रतिमा असते. फट रुंद केली की रेषाही रुंदावते आणि जवळच्या दोन रेषा एकमेकींत मिसळतात. २०० मिमी नाभीय अंतराचा कोलिमेटर (फटीतून आलेले किरण समांतर करणारी लेन्स), तेवढ्याच अंतराची कॅमेऱ्याची लेन्स आणि मिमीला १२०० रेषांचं ग्रेटिंग (प्रकाश रंगांत फोडणारी बारीक खाचांची पट्टी) धरलं, तर डिटेक्टरवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या चिपवर, एका मिमीत साधारण ४० अँगस्ट्रॉम (१० अँगस्ट्रॉम म्हणजे १ नॅनोमीटर) मावतात. म्हणजे ५० मायक्रॉनची फट २ अँगस्ट्रॉमचा तपशील देते. हायड्रोजन अल्फाच्या ६५६३ अँगस्ट्रॉमच्या रेषेवर ही विभेदनक्षमता (तरंगलांबी भागिले तपशील) सुमारे ३३०० भरते.

दुसरी बाजू आकाशाची. दुर्बिणीचं नाभीय अंतर २००० मिमी असेल तर १ मिमी म्हणजे १०३ आर्कसेकंद (अंशाचा ३६००वा भाग म्हणजे एक आर्कसेकंद), आणि ५० मायक्रॉन म्हणजे पाचाहून थोडे जास्त. वातावरणाच्या थरथरीमुळे ताऱ्याचा ठिपका ३ आर्कसेकंदांचा झाला, तर तो पडद्यावर जेमतेम २९ मायक्रॉनचा असतो. तारे बघायचे असतील तर पिक्सेल २० ते ३५ मायक्रॉनचा हवा, हे इथूनच ठरतं. पात्यांची फट २७ मायक्रॉनवरही लावता येते. पडदा मात्र पूर्ण रांगांच्या पटीतच उघडतो. २२ मायक्रॉनच्या पॅनेलवर तुम्हाला २२ मिळतील, ४४ मिळतील, मधलं काही नाही.

कोणतं पॅनेल घ्यावं?

पहिली अट म्हणजे पॅनेल रंगीत नको. रंगीत पडद्यात प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवा, निळा असे फिल्टर छापलेले असतात. अशा फटीतून गेलेला वर्णपट तीन पट्ट्यांमध्ये चिरला जातो आणि दोन तृतीयांश प्रकाश फिल्टरच गिळतात. जुना मोबाईल उघडून केलेले बहुतेक प्रयोग इथेच अडकतात.

आज सगळ्यात सोयीचं म्हणजे रेझिन थ्रीडी प्रिंटरसाठी बनणारं मोनोक्रोम पॅनेल. त्यात रंगफिल्टर नसतात, बॅकलाइटही मुळातच नसतो आणि पिक्सेल ५०, ३५, २२ मायक्रॉन अशा आकारांत मिळतात. ती ४०५ नॅनोमीटरच्या प्रकाशासाठी बनवलेली असल्यामुळे निळ्या टोकाला साध्या पडद्यांपेक्षा उजवी ठरतात. प्रयोगशाळांसाठी मिळणारे ट्रान्समिसिव्ह मॉड्युलेटर, म्हणजे प्रकाश आरपार सोडणारी खास एलसीडी पॅनेलं, हीही चालतात. त्यांत ३६ मायक्रॉनचा पिक्सेल आणि ५८ टक्के उघडं क्षेत्र असा प्रकार मिळतो. काच स्वच्छ आणि सपाट असते, पण किंमत वेगळ्याच जातीची. प्रोजेक्टरमधल्या चिमुकल्या पॅनेलचा मोह टाळा. त्यांचे पिक्सेल १० मायक्रॉनच्या आसपास असतात, पण पुष्कळांवर सूक्ष्म लेन्सची जाळी चिकटवलेली असते आणि ती तुमच्या शंकूसारख्या किरणांचा सगळा आकार बिघडवते.

पृष्ठभाग चकचकीत हवा. पॅनेलच्या दोन्ही बाजूंना पोलरायझर असतात, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा (ध्रुवित) प्रकाश पुढे सोडणाऱ्या फिल्म. मॅट पोलरायझर म्हणजे दुधी काच. तो फटीच्या कडा धूसर करतो आणि प्रकाश चहूकडे उडवतो.

प्रकाश किती वाया जातो?

बराच. ताऱ्याचा प्रकाश जवळजवळ अध्रुवित असतो, त्यामुळे पहिला पोलरायझरच निम्म्याहून अधिक खातो. हिशेब असा मांडा: पहिल्या पोलरायझरमधून ४२ टक्के, दुसऱ्यातून त्यातले ८४ टक्के, पिक्सेलचं उघडं क्षेत्र ६० टक्के आणि काच, विद्युत थर, परावर्तन हे सगळं धरून ८८ टक्के. गुणाकार केला की १९ टक्क्यांच्या आत येतो. तारा १.८ प्रतींनी (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप) मंद झाला. पात्यांच्या फटीला १० मिनिटं लागत असतील तर इथे ५४ लागतील. दुर्बिणीच्या भाषेत सांगायचं तर २५० मिमीची दुर्बीण घेऊन तुम्ही १०८ मिमीचं काम करत आहात.

मग हा उपद्व्याप करायचाच कशाला?

प्रकाश मुबलक असेल तिथे करायचा. सूर्य हे त्याचं हक्काचं गिऱ्हाईक. १००० मिमीच्या दुर्बिणीने सूर्याची प्रतिमा ९.३ मिमीची पडते; तिच्यावरून फट एकेक रांग सरकवत नेली की एकाच तरंगलांबीतलं संपूर्ण सूर्यबिंब जुळवता येतं, आणि तेही काहीही न हलवता. चंद्र, गुरू-शनीचे पट्टे, तेजस्वी जोडतारे आणि वर्गात वर्णपट शिकवणं, या सगळ्यात पडद्याची फट शोभते. १२व्या प्रतीच्या तेजोमेघासाठी मात्र पातीच घ्या.

मोठ्या वेधशाळांनाही हव्या तेव्हा उघडणाऱ्या फटी लागतात, पण त्या द्रवस्फटिकाच्या वाटेला गेल्या नाहीत. जेम्स वेब दुर्बिणीच्या निअरस्पेकमध्ये सुमारे अडीच लाख सूक्ष्म झडपा आहेत, प्रत्येक साधारण १०० बाय २०० मायक्रॉनची. केक वेधशाळेच्या मॉस्फायरमध्ये सरकत्या पट्ट्यांच्या जोड्यांनी ४६ फटी तयार होतात. काही उपकरणांनी प्रोजेक्टरमधले सूक्ष्म आरसे वापरले. कारण उघड आहे: झडप उघडली की पूर्ण उघडते, बंद झाली की पूर्ण बंद. द्रवस्फटिक यांपैकी काहीच पूर्ण करत नाही.

काळा पिक्सेल खरोखर काळा असतो का?

नाही, आणि खरी अडचण हीच आहे. गेलेला प्रकाश जास्त वेळ देऊन भरून काढता येतो. गळणारा प्रकाश मात्र जितका वेळ द्याल तितका साचत जातो.

समजा पॅनेलचा कॉन्ट्रास्ट ५००:१ आहे, म्हणजे उघडा पिक्सेल बंद पिक्सेलच्या ५०० पट प्रकाश सोडतो. ऐकायला भरपूर वाटतो. आता डिटेक्टरची एक ओळ घ्या. तिच्या वाट्याला ५० मायक्रॉनची उघडी फट येते, पण त्याच ओळीत पॅनेलचा १० मिमी रुंद बंद भागही येतो. तो फटीच्या २०० पट रुंद आहे. प्रत्येक बंद जागा पाचशेवा हिस्सा गाळते, म्हणजे एकूण गळती २०० भागिले ५००, फटीतून येणाऱ्या आकाशाच्या उजेडाच्या ४० टक्के! शिवाय प्रत्येक जागेचा वर्णपट थोडा सरकून पडतो, त्यामुळे ही गळती रेषांसारखी न दिसता सगळीकडे पसरलेला एकसारखा राखाडी थर म्हणून दिसते. शोषणरेषा उथळ का दिसतात याचं उत्तर बहुधा या थरात असतं. क्षेत्रात दुसरा तेजस्वी तारा असेल तर तो बंद काचेतूनही आपला फिका वर्णपट टाकून जातो.

उपाय साधा आहे. पॅनेलला टेकून धातूची एक पातळ चकती लावा आणि तिला १ मिमी रुंदीची खिडकी कापा. बंद भाग आता फटीच्या फक्त २० पट उरतो आणि गळती ४ टक्क्यांवर येते. ढोबळ काम धातूने करायचं, नाजूक काम पडद्याने. चकती न लावता पडद्याला नावं ठेवणं बरोबर नाही. सूर्य पडद्यावर आडवा-उभा पिंजायचा असेल तर इतकी अरुंद खिडकी चालत नाही. तिथे गळती वजा करण्यावाचून इलाज नाही.

वजाबाकी अशी: फट उघडी ठेवून एक फ्रेम घ्या, मग सगळे पिक्सेल बंद करून तेवढ्याच वेळेची दुसरी घ्या, आणि पहिलीतून दुसरी वजा करा. थर निघून जातो, पण त्याचा गोंगाट तसाच राहतो. म्हणून आधी चकती, मग वजाबाकी.

पॅनेल कसं तयार करायचं?

प्रिंटरच्या पॅनेलवर दोन्ही बाजूंना पोलरायझरचे थर असतात आणि वर संरक्षक फिल्म. आधी ती फिल्म काढा. पोलरायझर चकचकीत असेल तर त्याला हात लावू नका. मॅट असेल तर बदलावा लागेल. हेअर ड्रायरने काच कोमट करा, कोपऱ्यातून ब्लेडची धार आत घाला आणि फिल्म जवळजवळ काचेला समांतर ठेवून सावकाश ओढा. सरळ वर ओढली की ०.५ मिमीची काच तडकते. उरलेला गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापडावर घेऊन पुसा, थेंब काचेवर सोडू नका. अ‍ॅसिटोन तर नकोच. कडेचं सील आणि रिबन केबलची चिकट जोडणी दोन्ही त्याने सुटतात. केबल सुटली की पॅनेलच्या एका बाजूला उभ्या रेषांची रांग कायमची मरते.

नवीन पोलरायझर लावताना आधी तो सुटाच काचेवर ठेवून फिरवा, काळा पॅटर्न सर्वांत काळा होईल ती दिशा पेन्सिलीने खुणा करून ठेवा आणि मगच चिकटवा. दोन-तीन अंशांची चूकही कॉन्ट्रास्ट खाऊन टाकते.

एक रेष काढली तर भलत्याच जागी तीन रांगा उघडतात. पॅनेल बिघडलंय का?

बिघडलेलं नाही. मोनोक्रोम पॅनेलच्या कंट्रोलरला आपण रंगीत पडदा चालवतोय असंच वाटत असतं. आडव्या दिशेचे तीन काळे-पांढरे पिक्सेल तो एका रंगीत पिक्सेलचे लाल, हिरवा, निळा भाग समजतो. ३८४० पिक्सेल रुंदीचं पॅनेल म्हणून संगणकाला १२८० रुंदीचं दिसतं. पांढरी रेष काढली की तीन रांगा उघडणारच. एकच हवी असेल तर शुद्ध लाल, शुद्ध हिरवी किंवा शुद्ध निळी रेष काढा. तिन्ही आळीपाळीने काढून, भिंगातून पाहून, कोणता रंग कोणती रांग उघडतो याचा तक्ता आधीच करून ठेवा.

प्रतिमा एकास-एक दाखवली जाते आहे ना, तेही बघा. स्केलिंग, अक्षरांच्या कडा मऊ करणं, स्क्रीनसेव्हर हे सगळं बंद. कडेची रांग अर्धवट राखाडी दिसली तर कुठेतरी स्केलिंग चालू राहिलेलं असतं.

फोकस कशावर करायचा?

काचेच्या पृष्ठभागावर नाही, आतल्या द्रवस्फटिकाच्या थरावर. तो थर ४-५ मायक्रॉनचा असतो आणि त्याच्या पुढे काच आणि पोलरायझर मिळून साधारण ०.७ मिमी जाडी असते. अभिसारी किरणांत ही जाडी प्रतिमेला जाडीच्या एक तृतीयांशाने, म्हणजे पाव मिमीच्या जवळपास मागे ढकलते. एफ/१० दुर्बिणीत (नाभीय अंतर व्यासाच्या दहापट असलेल्या) पाव मिमी चुकलं की ताऱ्याचा ठिपका २४-२५ मायक्रॉनने फुगतो, म्हणजे जवळजवळ एक आख्खी रांग. आधी निऑन दिवा लावून कोलिमेटर फटीवर नेमका बसवा, मगच दुर्बीण फोकस करा. क्रम उलटा केलात तर दोन्ही चुका एकमेकींना झाकतात आणि रात्र वाया जाते.

त्याच निऑनच्या रेषांवरून पॅनेलचा कलही लावून घ्या. उघडी रांग ग्रेटिंगच्या खाचांना समांतर नसेल तर रेषा तिरक्या पडतात. पॅनेल फिरवता येईल अशी बैठक केलेली बरी, कारण नंतर पाचर घालत बसणं वैतागाचं असतं.

पिक्सेलची जाळी स्वतःच ग्रेटिंगसारखी वागत नाही का?

वागते. ५० मायक्रॉनची जाळी ५५० नॅनोमीटरचा प्रकाश ०.०११ रेडियनने वळवते आणि २०० मिमीच्या कोलिमेटरवर हे विचलन २.२ मिमी होतं. २२ मायक्रॉनला तेच ५ मिमी. पण पॅनेल फोकसच्या प्रतलात असल्यामुळे वळलेले किरणही शेवटी त्याच जागी येऊन मिळतात, फक्त ग्रेटिंगवर पसरून पडतात. एफ/१० ची २० मिमीची शलाका २५ मिमीच्या ग्रेटिंगवर टाकत असाल तर बारीक जाळीचा काही भाग कडेवरून सांडतो आणि धारकावर आपटून विखुरतो. धारक मॅट काळा करा, जमल्यास ग्रेटिंग मोठं घ्या. मुख्य रेषेच्या दोन्ही अंगांना सारख्या अंतरावर फिक्या जुळ्या रेषा दिसल्या तर जाळीला दोष देण्याआधी कोलिमेटरचा फोकस तपासा.

पोलरायझरच्या दिशेचा काही फायदा उठवता येतो का?

येतो. बाहेर पडणारा प्रकाश ध्रुवित असतो आणि ग्रेटिंगची कार्यक्षमता ध्रुवणानुसार बदलते. बारीक खाचांच्या ग्रेटिंगवर, विशेषतः लाल बाजूला, विद्युत क्षेत्र खाचांना काटकोनात असेल तर बहुधा जास्त प्रकाश मिळतो. मात्र कार्यक्षमतेतले अचानक खड्डे-उंचवटेही त्याच ध्रुवणात ठळक असतात, म्हणून तुलनेच्या ताऱ्याचा वर्णपट त्याच मांडणीत घ्यायला विसरू नका.

गायडिंगचं, म्हणजे तारा फटीवर धरून ठेवण्याचं, काय? चकचकीत पात्यांवरून तारा दिसायचा, इथे तर सगळं काळं.

बंद पिक्सेल प्रकाश परत फेकत नाही, पोलरायझर तो पिऊन टाकतो. पण पहिला पोलरायझर जो अर्धा प्रकाश गिळतो तो तुम्हाला आधीच वळवून वापरता येतो. पॅनेलच्या आधी पोलरायझिंग क्यूब बसवा. एक ध्रुवण सरळ पॅनेलकडे जाईल, दुसरं काटकोनात गायड कॅमेऱ्याकडे. पॅनेलने तसाही वाया घालवलाच असता तो प्रकाश आता मार्गदर्शनाला लागतो, तोही फटीवरच्या ताऱ्यासकट सगळ्या क्षेत्राचा. तिरक्या काचेऐवजी क्यूब घ्या. अभिसारी किरणांत तिरकी काच ताऱ्याला लांबट करते. पॅनेल आणि गायड कॅमेरा यांचे निर्देशांक एकदाच जुळवावे लागतात: पॅनेलवर चार कोपऱ्यांत एकेक चौकोन उघडा, तेजस्वी तारा त्या चारांतून जाईल असा आळीपाळीने आणा आणि प्रत्येक वेळी गायड कॅमेऱ्यातली जागा टिपून ठेवा.

वर्णपटाचा कोणता भाग मिळत नाही?

दोन्ही टोकं. ४०० नॅनोमीटरच्या खाली पोलरायझरच अपारदर्शक होऊ लागतो, त्यामुळे कॅल्शियमच्या ३९३४ आणि ३९६८ अँगस्ट्रॉमच्या रेषा अंधुक, आणि ३६४६ च्या बामर उडीचं (हायड्रोजनमुळे वर्णपटात तिथे दिसणाऱ्या पायरीचं) नावच काढू नका. लाल टोकाला उलटाच प्रकार होतो. आयोडीनवाले सर्वसाधारण पोलरायझर ७५०-८०० नॅनोमीटरच्या पुढे ध्रुवण करणंच सोडून देतात आणि बंद पॅनेल सरळ पारदर्शक होतं. ८५०० च्या आसपासच्या कॅल्शियमच्या तिहेरी रेषा या फटीतून घ्यायला गेलात तर फटच उरत नाही. सिलिकॉन डिटेक्टरला तिथलं सगळं दिसतं, म्हणून ७०० नॅनोमीटरला कापणारा फिल्टर लावूनच काम करा.

थंडी आणि ऊन पडद्याला कितपत सोसतं?

गारठ्यात द्रवस्फटिक घट्ट होतो. शून्याच्या खाली पॅटर्न बदलल्यावर काही सेकंद थांबा, नाहीतर फ्रेममध्ये जुनी फटही डोकावते. ३३ ओहमचा रेझिस्टर ५ व्होल्टवर लावला तर पाऊण वॅट उष्णता मिळते. चौकटीला तेवढी पुरते आणि दवही धरत नाही. त्याहून जास्त दिलीत तर दुर्बिणीच्या नळीतली हवा उकळल्यासारखी हलते.

सूर्यासाठी दुर्बिणीच्या तोंडावरच अतिनील आणि अवरक्त परतवणारा फिल्टर हवा, आणि डोळा कुठेही लावायचा नाही. पॅनेल तापून आपल्या स्वच्छबिंदूपलीकडे गेलं की द्रवस्फटिक साध्या द्रवासारखा होतो आणि त्या जागी उघड-बंद थांबते. थंड झाल्यावर ते पुन्हा चालू लागतं, पण जळलेला पोलरायझर परत येत नाही.

अर्ध्या फटी एकदम उघडून हॅडमार्ड पद्धत (फटींचे वेगवेगळे संच उघडून घेतलेल्या फ्रेमांतून गणिताने एकेका फटीचा वर्णपट वेगळा काढणं) वापरली तर प्रकाश वाढेल ना?

वाढेल. ६३ फटींच्या संचात कॅमेऱ्याचा वाचन-गोंगाट (चिप वाचताना कॅमेरा स्वतःच मिसळतो तो) हाच मुख्य असेल तर फायदा चौपटीच्या आसपास असतो. पण आजच्या सीमॉस कॅमेऱ्यांचा वाचन-गोंगाट एक-दोन इलेक्ट्रॉनवर आला आहे. फोटॉनचा गोंगाट, म्हणजे प्रकाशाचाच स्वाभाविक चढउतार, वरचढ असेल तर हा फायदा उरत नाही. दृश्य प्रकाशात त्यासाठी जीव काढू नये.

स्वतःच्या मापाची पट्ट्यांची काच करून घेतली तर?

कारखान्याकडून उभ्या पट्ट्यांची सेगमेंट काच करून घेता येते, पण दोन पट्ट्यांमधली १० मायक्रॉनची गाळ्याची जागा विसरू नका. तिथे विद्युत क्षेत्र नसतं. पोलरायझर एकमेकांना काटकोनात असतील तर ती जागा कायम उजळ राहते, म्हणजे प्रत्येक दोन पट्ट्यांमध्ये न मिटणारी एक फट. पोलरायझर समांतर केले की ती काळी होते, पण मग काळेपणा तरंगलांबीवर अवलंबून राहतो आणि हिरव्यात काळी दिसणारी काच निळ्यात गळते. काटकोनातले पोलरायझर ठेवून गाळ्यांवर काळा थर छापून घ्यायचा, असं आधीच सांगा. चालवताना दिशा बदलणारा चौकोनी व्होल्टेज द्या, सेकंदाला ३० ते १०० वेळा. एकाच दिशेचा व्होल्टेज दिलात तर आतले आयन एका बाजूला साचतात आणि काच डाग धरून कायमची खराब होते.

तासभर एकच फट उघडी ठेवली तर ती उमटून राहते का?

राहू शकते. पॅटर्न बदलल्यावर जुन्या जागी फिकट सावली दिसली तर पॅनेल काही काळ पूर्ण पांढरं ठेवा. बहुधा निघून जाते. दर रात्री तीच रांग वापरण्यापेक्षा फट चार-पाच रांगा इकडे-तिकडे हलवत राहा, आणि रात्र संपल्यावर बंद करण्याआधी पॅनेलला एकदा पूर्ण पांढरं करून मगच वीज काढा.